थोडक्या पैशांत मुंबई

मुंबई पाहायला किती पैसे लागतात, असा प्रश्न कोणी विचारला की दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "अहो, मुंबईला काय, खिशात हात घातला की नोट गेली." आणि दुसरे, "मुंबईत पाच रुपयांतही पोट भरते." दोन्ही उत्तरे सांगोवांगीची आहेत. मुंबईत पैसा जातो हे खरे. पण तो पाहण्यापायी थोडा जातो आणि चुकण्यापायी फार जातो. बंद दारासमोर जाऊन परत फिरायचे, एकाच रस्त्याने दोनदा जायचे, दुपारी दोन वाजता भुकेने कासावीस झालेली पोरे घेऊन दिसेल त्या हॉटेलात शिरायचे, आणि संध्याकाळी लाँच चुकली म्हणून लांबची टॅक्सी करायची. सहलीचे पैसे खातात ते हे चार चोर. ते चारही आदल्या दिवशी घरी बसून पकडता येतात. आज मी तुम्हांला तेवढेच सांगणार आहे.

बोलताना मी उरण तालुक्यातले मोरा बंदर डोळ्यांपुढे ठेवतो. कारण असे की, मुंबईच्या इतके जवळ आणि तरीही मुंबई न पाहिलेले असे गाव दुसरे क्वचित असेल. रात्री धक्क्यावरून पलीकडचे दिवे दिसतात. भाऊच्या धक्क्यावर वर्षानुवर्षे मासळी घेऊन जाणाऱ्या एका मावशींना मी एकदा लाँचमध्ये विचारले, "मावशी, गेटवे पाहिलात का कधी?" त्या म्हणाल्या, "कवा बघाचा, सर? टोपली इकली का लाँच पकराची." मुंबईशी त्यांचा संबंध रोजचा, पण तो बाजाराचा, इस्पितळाचा आणि कचेरीचा. आपल्याकडे घरोघरी अशी माणसे आहेत. पुरुष मंडळी कामाधंद्यानिमित्त कोठे ना कोठे फिरून येतात. राहतात त्या बायका, म्हातारी माणसे, आणि वर्गणी देता न आल्याने शाळेच्या सहलीला न गेलेली मुले. त्यांना एक दिवस नुसते पाहण्यासाठी मुंबईला न्यायचे, असे धरून हिशेब मांडू या. पेण, रोहा, अलिबाग, मुरबाड कोठलेही तुम्ही असा, वाट निराळी असेल. पुढचा हिशेब तोच.

पहिली गोष्ट म्हणजे दिवस. लोक रविवार धरतात, कारण सुट्टी असते. पण रविवारी सगळी मुंबईही सुट्टीवर असते, आणि राणीच्या बागेत जनावरांपेक्षा माणसेच अधिक दिसतात. जमत असेल तर आडवार निवडा. त्यातही सोमवार आणि बुधवार टाळा. घारापुरीची लेणी आणि वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिच्यातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. ही एक खोच लक्षात असू द्या. म्हणजे उरले मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार.

आता मोऱ्याच्या माणसाला वारासोबत तिथीही पाहावी लागते. भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत कोकणात सर्वांना ठाऊक आहे: तिथीला पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास एक भरती आणि संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास दुसरी. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, आणि त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खडखडीत ओहोटी. शिवाय ते उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचलेला असतो, आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागत नाही, ती तासन्‌तास खोळंबते, हे तेथल्या माणसाला मी सांगायला नको. आता पाहा: ज्या वेळी आपल्याला निघायचे आणि ज्या वेळी परतायचे, नेमक्या त्याच वेळी पौर्णिमेला पाणी नसते. सप्तमी ते दशमी या दिवसांत मात्र जाताना पाणी, येताना पाणी, आणि दुपारी ओहोटी लागते तेव्हा आपण शहरात असतो. भांगाचे दिवस असल्याने ती ओहोटीही फार खोल जात नाही. तेव्हा दिनदर्शिकेत अष्टमीच्या आगेमागे येणारा मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार शोधा. महिन्यात असा एखादा तरी सापडतोच. पंचांगाचा उपयोग केवळ मुहूर्तालाच आहे, असे कोणी सांगितले?

मोरा ते भाऊचा धक्का हा पाऊण-एक तासाचा प्रवास. माणशी एकेरी तिकीट सध्या ऐंशी रुपयांच्या आसपास आहे, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ते वाढते, आणि लहान मुलांना अर्धे. दर बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी खिडकीवर विचारून घ्यावे आणि सुटण्याच्या वेळाही तेथेच लिहून आणाव्यात. लाँचमध्ये एक शिस्त पाळा. जीवरक्षक जाकिटे कोठे ठेवली आहेत ते बसताक्षणी पाहा, मुलांना ती घालायला लावा, आणि लाँच भरून वाहत असेल तर पुढच्या लाँचची वाट पाहा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांना ती तारीख अजून आठवते. आणि फार मागे कशाला, १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या बोटीची धडक बसली, त्यात पंधरा जणांचा जीव गेला. भिऊन घरी बसा असे मी म्हणत नाही. जाकीट घालण्याला पैसा लागत नाही, इतकेच.

दुसरी वाट रेल्वेची. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाली, आणि जो प्रवास पूर्वी बसने धक्के खात करावा लागे तो सोपा झाला. उरणहून मुंबईचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट वीस रुपयांच्या आसपास, म्हणजे लाँचच्या पावपट. मात्र एकदा गाडी बदलावी लागते, सीवूड्सला, नेरूळला किंवा बेलापूरला. वेळही जवळजवळ दुप्पट लागतो, आणि उरणच्या गाड्या मुंबईसारख्या दर तीन मिनिटांनी नसतात. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्‌घाटन झाले. एकवीस किलोमीटरहून लांब असा तो पूल पाहण्यासारखा खरा. पण त्याच्यावरचा मोटारीचा पथकर एका फेरीला अडीचशे रुपये आहे, तेव्हा आपल्या आजच्या हिशेबात तो बसत नाही. मुले बरोबर असतील आणि पैसे थोडे निघत असतील तर मी म्हणेन, जाताना लाँच घ्या. समुद्रातून शहर हळूहळू मोठे होत जाताना पाहणे हीच निम्मी सहल आहे. येताना दुपारी साडेचारच्या आत स्टेशनवर पोहोचत असाल तर रेल्वे. त्यानंतर हार्बरच्या गाडीत म्हातारीला आणि पोरांना घेऊन चढणे हे शौर्याचे काम आहे, ते सहलीत नको. तेव्हा लाँचच बरी.

भाऊच्या धक्क्याचे नाव लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांच्यावरून पडले. 'भाऊ' म्हणून ते ओळखले जात, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात धक्का बांधण्याचे काम त्यांनी केले. मुलांना हे उतरतानाच सांगा. ज्या नावाने आपण रोज हाक मारतो ते नाव एका माणसाचे आहे, हे कळले म्हणजे शहर परके वाटत नाही.

धक्क्यावर उतरल्यावर पहिला मोह टॅक्सीचा, आणि टॅक्सी नको ही आपली शिकवण. पण येथे थोडे गणित करा. मे २०२५ पासून बेस्टच्या बसचे किमान भाडे दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे बारा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे एकतीस. म्हणजे चार मोठी माणसे जवळच जाणार असतील तर टॅक्सी बसपेक्षा स्वस्त पडते! माणूस एकटा असेल तर बस. चौघे असतील आणि अंतर थोडे असेल तर मीटरची टॅक्सी. अंतर लांब असेल तर लोकल, कारण तिचे किमान तिकीट पाच रुपयेच आहे. एवढी एक त्रिसूत्री ध्यानात ठेवली की मुंबईतली धावपळ शे-दोनशेत भागते.

आता काय पाहायचे? येथे आपली गल्लत होते. यादीत वीस ठिकाणे लिहितात, चार पाहतात, आणि सोळा राहिली म्हणून हळहळत परततात. एका दिवसात शहराचा एक तुकडा पाहावा. मी भायखळ्यापासून अपोलो बंदरापर्यंतचा तुकडा सुचवतो, कारण त्यात चालण्याची वाट सरळ आहे आणि निम्म्या गोष्टींना तिकीटच नाही.

सकाळी राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली ती लोकांना खुली झाली. मोठ्या माणसाला पन्नास रुपये, मुलाला पंचवीस, पण आई, वडील आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब असेल तर मिळून शंभर. खिडकीवर 'कुटुंबाचे तिकीट' असे स्पष्ट मागा. न मागता ते मिळेलच असे नाही. वाघ, पेंग्विन मुले स्वतःच शोधतील. तुम्ही त्यांना संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती दाखवा. तो हत्ती आपला आहे, उरण तालुक्याचा! घारापुरीच्या किनाऱ्यावर तो उभा असे, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८१४ साली त्याची मान आणि डोके कोसळले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याची खटपट झाली, तेव्हा उचलताना यारीची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, आणि १९१४ साली सांधून तो पुन्हा उभा केला. नीट पाहिले तर सांधे दिसतात. ज्या मुलाने घारापुरीला हत्ती नसलेला किनारा पाहिला आहे, त्याला येथे किनारा नसलेला हत्ती भेटतो. मोऱ्याच्या शिक्षकांनी तर घारापुरीची सहल अगोदर काढावी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचे तिकीटही नाही.

आत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चे. तिकीट किरकोळ. मुंबईतल्या माणसांचे पोशाख, धंदे, गलबते, यांच्या लहान लहान प्रतिकृती तेथे आहेत. मोठ्या संग्रहालयात मुले थकतात, येथे रमतात. बागेतच घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा काळसर पुतळा आहे, तोही मुलांना दाखवून ठेवा. पूर्वी तो फोर्टात होता आणि त्याच्यामुळेच त्या भागाला 'काळा घोडा' म्हणतात. १९६५ साली तो येथे हलवला. दुपारी आपण त्या जागी जाणार आहोत. तेथे २०१७ पासून पुन्हा एक काळा घोडा उभा आहे, पण त्याच्या पाठीवर राजा नाही. राजा कोठे गेला, असे मुले विचारतील. उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

भायखळ्याहून लोकलने पाच रुपयांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ही इमारत पाहायला तिकीट लागत नाही, फक्त मान वर करावी लागते, आणि लाखो माणसे रोज ती न करता निघून जातात. १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत ते पुरे झाले. वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. दाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवरची पाने, फुले, पशुपक्षी कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर दहा मिनिटे उभे राहिल्याशिवाय या दोन्ही इमारती दिसत नाहीत. घाई करू नका.

येथून पुढे पायी. दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक, तेथे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक. पुढे राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवलेला, १८७८ साली पुरा झालेला. मग काळा घोडा, आणि मग गेटवे. सगळे मिळून दोन-अडीच किलोमीटर. वाटेत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. ते उत्तम आहे, पण मोठ्या माणसाचे तिकीट दीडशेच्या आसपास आहे आणि त्याला अर्धा दिवस लागतो. थकल्या पायांनी तासाभरात ते उरकणे म्हणजे पैसे आणि वस्तू दोहोंचा अपमान. त्याच्यासाठी पुन्हा कधी तरी या.

गेटवेविषयी एक गैरसमज आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा येथे उतरले ते या कमानीखालून, असे पुष्कळ जण सांगतात. तेव्हा ही कमान नव्हतीच. ती १९२४ साली बांधून झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण या कमानीखालूनच बोटीवर चढली. बादशहाच्या आगमनाची ही आठवण पंचवीस वर्षांची व्हायच्या आत त्याचे सैन्य तेथून परत गेले. सातवी-आठवीच्या मुलाला हे तेथे उभे राहून सांगा, पुस्तकात चार वेळा वाचून जे राहत नाही ते राहील.

चित्रपटनटांचे बंगले पाहण्याचा हट्ट होईल. त्यासाठी वांद्रे-जुहूपर्यंत जायचे आणि बंद फाटक पाहून यायचे. फाटके आपल्या गावातही आहेत.

जेवणाचे सांगतो. तांदळाची भाकरी, चटणी, उकडलेली अंडी किंवा बटाट्याची सुकी भाजी घरून न्या. (सुकट उत्तम, पण लोकलच्या डब्यात शेजाऱ्यांचा विचार करा.) पाण्याच्या बाटल्या माणशी एक. ओव्हल मैदानाच्या कडेला झाडांची सावली आहे, तेथे बसून जेवता येते. मग संध्याकाळी एकेक वडापाव आणि चहा घेतलात तर तो चैनीचा वाटतो, पोटाचा नाही. आणि एक गोष्ट पुरुष मंडळींच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. सहलीला निघालेल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. का, ते त्या सांगणार नाहीत. तेव्हा बाग, संग्रहालय, बोरीबंदरचे स्टेशन, या प्रत्येक ठिकाणी प्रसाधनगृहासाठी थांबायचे हे वाट आखतानाच ठरवा, आणि ते सगळ्यांसमोर सांगून टाका. सुट्या नाण्यांची एक पिशवी घरातल्या वडील बाईच्या हाती द्या.

आता बेरीज. आई, वडील आणि दोन मुले. लाँच जाऊन-येऊन पाचशेच्या आत. बाग शंभर. संग्रहालय, लोकल, दोन लहान टॅक्सी मिळून अडीचशे. चहा-वडापाव दोनशे. म्हणजे हजार-अकराशेत दिवस होतो. दोन्ही वेळा रेल्वेने गेलात तर डॉकयार्ड रोडला किंवा रे रोडला उतरून बागेत जाता येते, आणि सगळा खर्च सहा-सातशेवर येतो. एवढेही एकदम काढणे कित्येक घरांना जड आहे, मला ठाऊक आहे. श्रावणात ठरवून दिवाळीनंतर जायचे असेल, तर आठवड्याला साठ-सत्तर रुपये डब्यात टाकावे लागतील. डबा मुलांच्या हाती द्या. ती तुमच्यापेक्षा कडक खजिनदार निघतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याशी दोन शब्द निराळे बोलायचे आहेत. अलीकडे शाळांच्या सहली पाण्याच्या घसरगुंड्यांच्या बागांकडे फार वळल्या आहेत, आणि वर्गणी हजाराच्या पुढे जाते. मग चाळीसांच्या वर्गातली सव्वीस मुले जातात. उरलेली चौदा त्या दिवशी शाळेत येत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाकीच्यांच्या गोष्टी ऐकत बसतात. त्यांतले एखादे "मला बरे नव्हते" असे सांगते. आपण ते खरे मानून घेतो.

सहलीची वर्गणी ठरवताना आपण बस कितीला पडते येथून सुरुवात करतो. उलटे करून पाहा. वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाचे घर किती देऊ शकेल, तो आकडा प्रथम मांडा, आणि मग त्या आकड्यात मुंबईचा केवढा तुकडा बसतो ते पाहा. शंभर-सव्वाशे रुपयांत मुलाचे रेल्वेचे जाणे-येणे, बाग आणि संग्रहालय बसते. बोरीबंदर आणि गेटवे तर फुकटच आहेत. आत, पेण-सुधागडच्या बाजूच्या शाळांना एस.टी. शालेय सहलीसाठी निम्म्या भाड्यात गाडी देते. अर्ज मात्र वेळेवर करावा लागतो. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रत्येकाच्या खिशात शाळेचे नाव आणि गुरुजींचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, आणि हरवलो तर कोठे येऊन उभे राहायचे ते ठिकाण प्रत्येक थांब्यावर उतरताच बोट करून दाखवायचे.

सहलीच्या अगोदरच्या आठवड्यात फळ्यावर वाट काढा: धक्का, भायखळा, बोरीबंदर, चौक, काळा घोडा, गेटवे. एकेक ठिकाण चार-पाच मुलांना वाटून द्या. त्या ठिकाणी पोहोचल्यावर गुरुजी गप्प, ती मुले सांगतील. जी मुले वर्गात तोंड उघडत नाहीत, त्यांना हत्ती द्या.

आणि आजींना न्यायचे असेल तर पायी वाट निम्मी करा. राजाबाई टॉवरपाशी थांबवून तेथून गेटवेपर्यंत टॅक्सी घ्या, मुलांना चालू द्या. गेटवेवर बसायला कट्टा मिळतो. हवा स्वच्छ असली तर समोर घारापुरीचा डोंगर दिसतो, आणि पलीकडे आपले घर कोणत्या दिशेला, हे आजीच पोरांना सांगतील. परतीच्या शेवटच्या लाँचच्या भरवशावर मात्र राहू नका, तिच्या अगोदरची धरा. लाँच चुकलीच तर रेल्वेने या. उरण स्टेशनपासून मोरा तीन-चार किलोमीटर आहे, रात्री म्हातारे माणूस चालणार नाही. त्या रिक्षाचे शंभर-दीडशे रुपये सकाळीच वेगळ्या पुडीत बांधून ठेवा, आणि ती पुडी वाटेत सोडू नका.